आपलंच की

१

“पोरी, जो माणूस सारखं ‘आपण-आपण’ करतो ना, त्याच्यापासून पिशवी सांभाळावी,” तळमजल्यावरच्या बूटकाकू मला म्हणाल्या होत्या. माझी लेक मुंगी कडेवर, एका हातात दूध आणि दातांत किल्ल्या अशा अवतारात मी जिना चढत होते. तशीच दातांतल्या दातांत म्हणाले, “काकू, आदराने बोलणं हा काय गुन्हा झाला?”

“आधी तोंडातल्या किल्ल्या काढ. शहाणपण मग शिकव.”

दोघी हसलो आणि विषय तिथेच संपला. मला वाटलं, त्या साखऱ्याबद्दल बोलताहेत. साखऱ्या म्हणजे बॅटरीवाल्याच्या कारखान्यासाठी दारोदार फिरून लोकांचे पैसे गोळा करणारा एजंट. ‘आपण बसा, आपली तब्येत कशी, आपली कन्या गोड’ असं त्याचं अखंड चाललेलं. त्याच्यापासून कोण सांभाळून नसतं? मी हसण्यावारी नेलं.

मग एका सोमवारी सकाळी कारखान्याचं शटर उघडलंच नाही. जुन्या बॅटऱ्या वितळवून नव्या बनवणारा तो कारखाना, त्याच्या भिंतीवर हिरव्या पानाचं भलंमोठं चित्र, आणि चित्राखाली उभे राहून शटर वाजवणारे लोक. त्यात माझी आत्या होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. आई गेल्यावर मला आणि दादाला तिने वाढवलं, स्वतःचा संसार मांडायचा राहूनच गेला. हॉस्पिटलच्या धुलाईघरात आयुष्यभर चादरींना इस्त्री करून तिचे तळवे कायमचे लालसर झाले आहेत. त्या वाफेत उभं राहून साठवलेलं सगळं त्या शटरच्या आत होतं. आता ती माझ्याकडे राहते. माझी बाळंतपणाची रजा संपली की मी लॅबमध्ये परत जाणार आणि मुंगीला आत्या सांभाळणार, असं ठरलेलं होतं.

तक्रार कक्षात आम्ही तिघी गेलो: आत्या, मी आणि माझ्या पोटाशी बांधलेली मुंगी. गाडी दादाने चालवली. तो त्याच कारखान्याच्या ऑफिसात कामाला, म्हणजे तोही बुडालेला. “पार्किंग मिळत नाहीय, मी बाहेरच थांबतो,” म्हणाला.

आतल्या साहेबांनी नियम समजावला. पूर्वी लोकांकडून भांडवल गोळा करायचं तर धंद्याला आपली सगळी बरी-वाईट बाजू तिऱ्हाइताकडून तपासून छापावी लागे. छोट्या धंद्यांना ते झेपेना, म्हणून आता ती कटकट माफ आहे. फक्त साध्या माणसाकडून मोठी रक्कम घ्यायची असेल तर ‘मला धोका कळला आहे’ असा होकार त्याच्याच आवाजात नोंदवायचा. होकार नसेल, तर बुडालेले पैसे मालकांनी स्वतःच्या खिशातून भरायचे. होकार असेल, तर मालक मोकळे.

“आणि तुमचा होकार आहे, आत्याबाई.”

“मी असला होकार कुणाला दिलेला नाही,” आत्या ताठ बसून म्हणाली. “लावा तुमचं ते. ऐकू द्या मला.”

साहेबांनी लावलं. आधी यंत्रातल्या बाईचा सपाट आवाज, मग आमच्या आत्याचा, असं तीनदा.

“आपण जोखीम समजून घेतली आहे का?”

“हो, घेतलीय की आपण.”

“नुकसान झाल्यास ते आपलं असेल. मान्य आहे का?”

“आपलंच की. दुसऱ्या कुणाचं?”

“या होकारासाठी आपल्यावर कुणी दबाव आणला आहे का?”

“छे!”

मी आत्याकडे पाहिलं. आत्ता भांडायला बसलेली बाई जागच्या जागी विझली होती. ती यंत्राकडे बघत नव्हती, साहेबांकडे नाही, माझ्याकडे तर नाहीच. स्वतःच्या तळव्यांकडे बघत होती.

“असेल,” ती म्हणाली. “विसरले असेन मी.”

साहेबांनी समजूतदारपणे मान हलवली, आणि मला त्या समजूतदारपणाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. तेवढ्यात मुंगी झोपेतून जागी झाली, आत्याकडे हात पसरून म्हणाली, “त्या!”

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण तोच शब्द, त्याच आवाजात, मी आत्ताच ऐकला होता. होकाराच्या मागे, अगदी बारीक.

२

तक्रारदाराला होकाराची प्रत मिळते. घरी येऊन मी ती फोनवर लावली, कानाला घट्ट धरून. ‘आपलंच की’ आणि ‘दुसऱ्या कुणाचं’ यांच्या मधल्या फटीत होता तो: “त्या.”

मुंगीला ‘आ’ म्हणायचा कंटाळा. आत्याची तिने ‘त्या’ केली, तो तिचा पहिला शब्द. ‘आई’च्या आधी तो आला म्हणून मी बाथरूममध्ये जाऊन थोडी रडलेही होते. असल्या गोष्टी आया विसरत नाहीत. तिला दोन खालचे दात आले, मग ताप आला, तापातून उठली तेव्हा ‘त्या’ म्हणाली. तोपर्यंत कारखान्याने लोकांना व्याज देणं कधीच बंद केलं होतं. आणि होकारावर महिना घातला होता तो तिच्या जन्माचा! त्या महिन्यात तिला मान धरता येत नव्हती. ती फक्त दोन गोष्टी करायची, आणि दोन्हींनंतर लंगोट बदलावा लागायचा.

म्हणजे होकार नंतर घेतला होता. कारखाना बुडतोय हे कळल्यावर, मागची तारीख घालून. आणि तो माझ्या घरात घेतला होता.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, “मॅडम, मागे कुणाचंही मूल असू शकतं.”

“कुणाचंही मूल?” मी म्हटलं. “साहेब, तुमच्या घरात कुणाचीही बायको असते का?”

फोन ठेवला गेला. सुनावणी शुक्रवारी होती. मुंगीचा शब्द त्यांच्या लेखी आवाजाचा कचरा होता. मला माणूस हवा होता. घरात येऊन तो आवाज घेणारा.

संध्याकाळी दादा आला. मुंगीसाठी खुळखुळा आणला होता, माझ्यासाठी सल्ला. “उगाच पळापळ करू नकोस. वय झालंय तिचं. विसरली असेल. मलाही वाईट वाटतं गं, माझाही पगार अडकलाय.” आत्या पलीकडे घड्या घालत होती. ऐकून न ऐकल्यासारखं केलं तिने.

दादा गेल्यावर नवरा हळूच म्हणाला, “एक बोलू? रागावू नकोस.” माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे त्याला जगातली प्रत्येक गोष्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली दिसते. “आत्याबाई जर असल्या गोष्टी विसरायला लागल्या असतील... तर सोमवारी तुझी रजा संपल्यावर मुंगीला त्यांच्याकडे...”

वाक्य त्याने पुरं केलं नाही. पण घड्या घालणारे हात थांबलेले मला दिसले.

मला झोपवून मग स्वतः जेवणारी ही बाई. गॅस बंद केला का हे तिला कधी दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही, मला रोज लागतं. आता शुक्रवारी एका कागदावर ‘विस्मरण’ असा शब्द पडणार होता, आणि त्या शब्दाने तिचे पैसेही जाणार होते आणि मुंगीही.

३

आमच्या घरात गेल्या काही आठवड्यांत कोण कोण येऊन गेलं? बॅटरीवाला एकदा, मुंगीसाठी चावीचं बदक घेऊन. साखऱ्या दोनदा. दादा तर घरचाच. आणि नवरा. हो, नवरासुद्धा. शंका घ्यायची तर पूर्ण घ्यावी, त्यात सवलत कसली? बॅटरीवाला फरार होता. मी साखऱ्याला धरलं, त्याच्या नव्या ऑफिसात. तिथे तो आता दुसऱ्याच कुठल्या तरी कारखान्याचे कागद वाटत होता!

“या, या! आपण स्वतः आलात? आपली कन्या किती मोठी झाली!”

“माझ्या आत्याचा आवाज कुणी घेतला?”

“देवाशपथ सांगतो, मी नाही.” त्याने दोन्ही हात वर केले. “मी गेलो होतो, खोटं कशाला बोलू? शेवटी शेवटी वरून निरोप आला, की होकार घ्यायचे राहिलेत, पटापट गोळा करा. आत्याबाईंना म्हटलं, आपण जोखीम समजून घेतली आहे का? त्या म्हणाल्या, ‘मी? मी कसली समजून घेणार, मला कुणी समजावलीय?’ आणि दार लावलं तोंडावर. हे नाक बघा, थोडक्यात वाचलं.”

“वाचलं याचंच वाईट वाटतंय.”

“बोला, बोला. आपला हक्क आहे. पण ताई, नियमच इतका सोपा आहे की...”

“नियम सोपा आहे म्हणून तुम्ही हरामखोरी करायची?”

मुंगी दचकून रडायला लागली. मी तिला थोपटत बाहेर पडले आणि रस्त्यातच थांबले. साखऱ्याचं मी काहीही खरं मानलं नसतं, पण ते दार लावणं खरं होतं. ती अगदी आत्याच होती. म्हणजे तोच प्रश्न साखऱ्याने विचारला तेव्हा ती म्हणाली ‘मी कसली समजून घेणार’, आणि दुसऱ्या कुणी विचारला तेव्हा म्हणाली ‘हो, घेतलीय की’. प्रश्न तोच. मग बदललं काय?

४

बूटकाकूंच्या दुकानात चामड्याचा आणि गोंदाचा वास असतो. पायांत जोर नसलेल्या मुलांसाठी त्या खास बूट बनवतात. टेबलावर एक इवलासा बूट होता, एक टाच जाड, एक पातळ. मी आत गेले ती तणतणतच.

“हा नियमच बंद करायला हवा! कुणालाही लोकांचे पैसे घ्यायची मुभा म्हणजे काय!”

काकूंनी सुई थांबवली. “मग मला कर बंद.”

“म्हणजे?”

“मी पण याच नियमाने पैसे उभे केलेत, बाई. हे मशीन, तो साचा, सगळं. बँकेत गेले तर म्हणाले, नवऱ्याची सही आणा. म्हटलं, नवरा वर गेलाय. म्हणाले, मग मुलाची आणा. म्हटलं, मूल असतं तर बूट कशाला शिवत बसले असते दुसऱ्यांच्या मुलांचे?” त्यांनी दोरा दातांनी तोडला. “जुना नियम असता तर मी अजून लोकांच्या चपला सांधत बसले असते. उगाच सगळं दार भिंतीने बुजवू नकोस. चोर त्याच दारातून आला, म्हणून मी खिडकीतून येऊ का?”

“पण मग तुम्ही होकार कसे घेतलेत?”

“इथं, या स्टुलावर बसवून. मी कुणालाच ‘समजलं का’ विचारलं नाही. ‘समजलं का’ म्हटलं की कुणीही ‘हो’च म्हणतं, वर्गात आपण नाही का म्हणायचो? मी विचारलं, माझा धंदा बुडला तर तू काय करशील? एक जण म्हणाली, ‘काकू, तुमच्याच घरी येईन जेवायला.’ तिचे पैसे मी परत केले. तिला काहीच समजलं नव्हतं.”

मला पहिल्यांदाच हसू आलं, आणि लगेच गेलं. “तुम्ही मला सांगितलं होतंत, काकू. ‘आपण-आपण’ करणाऱ्यापासून जप म्हणून. मी त्या साखऱ्याला...”

“साखऱ्याचं काय मध्येच? मी त्याच्याबद्दल बोललेच नव्हते.”

“मग?”

“आदल्याच दिवशी जिन्यातून कुणीतरी वर जात होतं. पाठ करत करत. ‘आपण जोखीम समजून घेतली आहे का, आपण जोखीम समजून घेतली आहे का’, परीक्षेला निघाल्यासारखं. तोंड काही दिसलं नाही. पण साखऱ्याला कशाला पाठ करायला लागतंय? तो झोपेतही तसाच बोलतो. ज्याच्या तोंडात ‘आपण’ बसत नाही, त्यालाच पाठ करावं लागतं.”

५

दुपारी मुंगी झोपली होती. आत्या गच्चीवर कपडे काढायला गेली. नवरा जेवायला घरी आला होता. मी त्याच्यासमोर फोन ठेवला आणि शेवटचं उत्तर पुन्हा पुन्हा लावलं. छे. छे. छे.

“काय ऐकू येतंय?”

“छे.”

“आणि त्याच्यापुढे?”

“काही नाही.”

“तेच! आत्या नुसतं ‘छे’ कधी म्हणते? मला म्हणते ‘छे गं’. तुला ‘छे हो’. नुसतं ‘छे’ ती मांजरालासुद्धा म्हणत नाही. इथे ‘छे’च्या पुढे आवाज टक्कन तुटलाय. काहीतरी कापलंय.”

तो घास हातात धरून थांबला. “म्हणजे आत्याबाई यंत्राशी बोलत नव्हत्या.”

“यंत्राशी नाहीच. माणसाशी बोलत होती. त्या माणसाचे प्रश्न काढून मागाहून यंत्राची बाई घातली. आणि ‘छे’च्या पुढे बाई होती की बुवा, जवळचा की लांबचा, ते सांगणारं अक्षर होतं. ते त्याने आठवणीने कापलं. पण एक शब्द राहून गेला.”

“कुठला?”

“आपण.”

मी त्याला समजावलं. साखऱ्याने ‘आपण जोखीम समजून घेतली आहे का’ विचारलं, तेव्हा आत्याने ‘आपण’ म्हणजे ‘तुम्ही’ असं ऐकलं. परका माणूस, आदराने बोलतोय. म्हणून उत्तर आलं ‘मी’. इथे तिचं उत्तर आहे ‘घेतलीय की *आपण*’. म्हणजे तिने ऐकलं ‘तू आणि मी’. आपण सगळे. घरचे. नुकसान आपलं, म्हणजे तिचं एकटीचं नाही, आपल्या सगळ्यांचं. ‘दुसऱ्या कुणाचं?’

“पण काही लोक स्वतःलाच ‘आपण’ म्हणतात,” नवरा म्हणाला. “आपण नाय घाबरत कुणाला, वगैरे.”

“आत्या? आत्या काय नाक्यावरची गुंड आहे?”

“बरं, बरं. पुढे.”

“‘आपण’ ऐकून ‘तुम्ही’ असा अर्थ तिला केव्हा लागणार नाही? जेव्हा विचारणारा तिला जन्मात कधी ‘तुम्ही’ म्हणालेला नसेल तेव्हा. जो तिला ‘तू’ म्हणतो. साखऱ्या तिला ‘आपण’ म्हणतो. बॅटरीवाला ‘तुम्ही’. बूटकाकू ‘ताई, तुम्ही’. तू...”

“मी ‘तुम्ही’,” तो घाईघाईने म्हणाला. बिचाऱ्याच्या कपाळावर घाम आला होता. “आत्याबाई, तुम्ही. नेहमीच.”

“माहितीय. म्हणून तर तुला जेवायला वाढलं.”

त्याने पाण्याचा घोट घेतला. मग ताट बाजूला सारलं. कारण आत्याला ‘तू’ म्हणणारी माणसं या जगात मोजून दोन उरली होती. एक मी.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पार्किंग मिळत नव्हतं म्हणे!

६

गुरुवारी संध्याकाळी दादा आला तेव्हा मी नेहमीसारखीच वागले. चहा टाकला. आत्या मुंगीला मऊ भात भरवत होती. मी कपात चहा गाळता गाळता, अगदी सहज, यंत्रातल्या त्या बाईसारख्या सपाट आवाजात विचारलं, “आत्या, मुंगीला सांभाळायला आपल्यावर कुणी दबाव आणलाय का?”

“छे गं,” आत्या म्हणाली.

आणि चमचा मुंगीच्या तोंडाशी तसाच राहिला.

“‘गं’ आला बघ,” मी म्हटलं. “न बोलावता आला. त्या दिवशी काय आलं होतं, आत्या? ‘छे रे’ ना?”

दादाने कप खाली ठेवला. फार हळू ठेवला, तरी वाजला.

“तुला धंद्यातलं काही कळत नाही,” तो म्हणाला.

“मला ‘रे’ कळतो.”

“अगं, पगार द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी मला मालकांच्या यादीत घातलं. मला वाटलं, बढती मिळाली! नंतर कळलं की कुणाचेच होकार घेतलेले नाहीत आणि धंदा बसला तर माझ्याही घरावर येईल. वरचे म्हणाले, नुसता उपचार आहे, सगळेच करतात. मी आत्याला फसवलं नाही. मी नियमातलं वाक्य विचारलं. जसंच्या तसं!”

“जसंच्या तसं! आणि ती काय समजली, हे तुला कळलं नाही? तिच्या हातचं खाऊन वाढलेल्या माणसाला?”

“ओरडू नकोस त्याच्यावर,” आत्या म्हणाली.

“आत्या!”

“तो आला तेव्हा तोंड एवढंसं झालं होतं त्याचं. म्हणाला, कारखाना अडचणीत आहे. फोन टेबलावर उपडा ठेवला. मग म्हणाला, आपण जोखीम समजून घेतली आहे ना. मला वाटलं, लेकरू घाबरलंय. धीर द्यायला हवा. म्हटलं, नुकसान झालं तर झालं, आपलंच की.” तिने मुंगीचं तोंड पुसलं. “तिथे ऐकलं तेव्हाच कळलं मला. म्हणून म्हटलं, विसरले असेन.”

इतका राग मला कधी आला नव्हता, आणि तो कुणाचा जास्त होता ते मला आजही सांगता येणार नाही. ती त्याला धीर देत होती. त्याने त्या धीराचे तुकडे केले, मधे मधे यंत्र बसवलं आणि तिच्याच गळ्यात बांधलं. आणि ती ते निमूट घालून बसली होती!

“उद्या खरं सांगायचंस,” मी म्हटलं.

“राहू दे गं. लिहू दे त्यांना, म्हातारीचं डोकं गेलं म्हणून. मला काय आता कुठे नोकरीला लागायचंय?”

“लागायचंय. सोमवारपासून, माझ्या घरात. आणि जिचं डोकं गेलंय तिच्याकडे मी माझी मुलगी ठेवणार नाही.”

हे मी बोलले. मुंगी एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. आत्याने तिला उचलून खांद्याशी धरलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. दादाने उठून चपला घातल्या. दाराशी थांबला. कुणी त्याला ‘जेवून जा’ म्हटलं नाही. आमच्या घरात असं पहिल्यांदाच झालं.

७

शुक्रवारी साहेबांनी वाचायला सुरुवात केली: “तक्रारदार यांना वयोमानानुसार विस्मरण झाल्याचे त्यांनी स्वतः...”

“थांबा,” आत्या म्हणाली आणि उभी राहिली. “मला काही विस्मरण झालेलं नाही. मागच्या वेळी तुमच्या टेबलावर निळं पेन होतं, टोपण चावलेलं. ते आवाजाचं पुन्हा लावा.”

साहेबांनी नकळत पेन झाकलं. आवाज लावला. ‘छे!’पाशी आत्याने हात वर केला.

“इथे माझा एक ‘रे’ होता. तो कुठे गेला?”

“काय गेलं?”

“‘छे रे’ म्हणाले होते मी. यंत्रातल्या बाईला कुणी ‘रे’ म्हणतं का, साहेब? माझा ‘रे’ चोरीला गेलाय. पैशांचं नंतर बघा. आधी तो शोधा.”

खोलीत कुणीतरी हसलं आणि मग कुणीच हसलं नाही. आत्याने मागे वळून पाहिलं. दादा आज गाडीपाशी थांबला नव्हता. दारात उभा होता.

“तू सांगतोस,” ती म्हणाली, “का मी सांगू?”

त्याने सांगितलं. अडखळत, पण सगळं सांगितलं. कुठे कापलं, कुणी कापायला शिकवलं, आणखी कुणाकुणाच्या घरी कुठल्या भाच्याने, कुठल्या सुनेने असंच विचारलं. आत्या उभ्यानेच ऐकत होती. तिने डोळे पुसले नाहीत, कारण त्यांत पाणीच तिने येऊ दिलं नव्हतं. माझे मात्र वाहत होते आणि मुंगी ते बोटाने पसरत होती.

होकार रद्द झाला. तिचा, आणि तशा सगळ्यांचा. मालकांनी पैसे परत करायचे आहेत. बॅटरीवाल्याचा खिसा सापडायचा आहे. दादाने घर विकायला काढलंय. पैसे येतील तेव्हा खरे. तो दर रविवारी येतो, दारात उभा राहतो, आत्या त्याला आत घेते. मी अजून त्याच्याशी बोलत नाही. सोमवारी सकाळी मुंगीला आत्याच्या हातात देऊन मी लॅबमध्ये गेले. निघताना वळून पाहिलं नाही. बघायची गरज नव्हती.

त्या दिवशी निघताना साहेब म्हणाले होते, “एका प्रकरणावरून नियम वाईट ठरत नाही, मॅडम. यावर किती धंदे उभे राहिलेत.” मला माहीत आहे. त्यातला एक माझ्या जिन्याखाली आहे, आणि एका लहान मुलाची लंगडी चाल त्यामुळे सरळ होतेय. नियम ढिला करणाऱ्यांचं म्हणणं मला कळतं, म्हणून तर राग जास्त येतो. दार उघडं ठेवा ना, कोण नको म्हणतंय? पण दारावर राखणीला त्यालाच बसवलंत, ज्याला आत पैसे हवे आहेत? ज्याची मान होकाराने सुटते, त्यालाच होकार विचारायला धाडलंत? आणि प्रश्न काय, तर ‘समजलं का’! जगातली कुठली आत्या तिच्या लेकराला ‘नाही समजलं’ म्हणून परत पाठवते?

तुमच्या घरात, किंवा घरापासून लांब, एकटं राहणारं असं कुणीतरी असेल. फोनवर सगळ्याला ‘हो, हो’ म्हणणारं. आज जा तिच्याकडे. फोन उपडा नको, पिशवीत ठेवा. कुणी काही विचारायला आलं होतं का, ते बघा. ‘समजलं ना?’ असं विचारू नका. ‘काय समजलं, ते मला सांग’ म्हणा, आणि ती सांगेपर्यंत बसून राहा.

आणि कृपा करून, ‘आपण’ म्हणू नका. ‘तू’ म्हणा.